हळूमामाची बारावी

मला शाळेत सगळे हळूमामा म्हणतात. तोंडावर नुसतं मामा, पाठ वळली की हळूमामा. बावीस वर्षं मी या शाळेच्या रसायनाच्या प्रयोगशाळेत परिचर होतो. काम काय, तर परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्या भरायच्या, ब्युरेट, म्हणजे तोटीच्या उंच नळ्या, स्टँडला अडकवायच्या आणि बारावीचा वर्ग आत घुसला की "हळू! हळू!" करत त्यांच्यामागे फिरायचं. त्या ओरडण्यानं आजवर एकही नळी वाचलेली नाही. उलट मी मागून ओरडलो म्हणून दचकून हातातली नळी सोडलेली मुलं मी स्वतः पाहिली आहेत. तरी ओरडणं सोडलं नाही. आपला काहीतरी उपयोग आहे असं माणसाला वाटायला लागतं.

मी स्वतः बारावी नापास. एकदा नव्हे, तीनदा. तिन्ही वेळा रसायनात, आणि तेही प्रात्यक्षिकात. लेखी पेपरात रडतखडत का होईना, पार पडायचो. प्रयोगाच्या टेबलापुढे उभा राहिलो की घोडं अडलंच. शेजारचा मुलगा दोन मिनिटांत उत्तर लिहून मोकळा व्हायचा आणि मी डोळे फाडून नळीकडे बघत बसायचो. तिसऱ्या निकालानंतर वडील मला काही बोलले नाहीत. शेजारच्या काकांना मात्र, मला नीट ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाले, "डोक्यात भुसा आहे हो, पण पोरगा सरळ आहे." मला त्यातलं ‘सरळ’ कधीच आठवत नाही. भुसा तेवढा राहिला.

पुढे ओळखीपाळखीतून ही नोकरी लागली. ज्या विषयानं मला बुडवलं त्याच विषयाची भांडी घासायला मी रुजू झालो. सुरुवातीला वाईट वाटायचं. मग हळूहळू अंगात वारं शिरलं. रोज त्याच बाटल्या, तेच वास, तेच प्रयोग. कानावर पडून पडून सगळे शब्द पाठ झाले. क्षार कोणता, हे मी नुसता नंबर लिहिलेली बाटली हातात घेताच सांगायचो. मुलं अवाक व्हायची. "मामा, कसं ओळखलंत?" मी नुसता हसायचो. तज्ज्ञ माणसानं फार बोलू नये.

परीक्षा जवळ आली की बारावीची मुलं माझ्याभोवती घोंगावायची आणि मी सल्ले द्यायचो. पहाटे उठा. वेळापत्रक करा. घाबरू नका. तीनदा आपटलेल्या माणसानं हे सांगावं, म्हणजे पोहता न येणाऱ्यानं काठावर बसून हात कसे मारायचे ते ओरडून सांगण्यासारखं होतं. पण ते मुलांना माहीत नव्हतं, आणि मी कशाला सांगतोय?

त्या वर्षी शाळा सुरू झाली आणि आमचे प्रयोगशाळा सहायक निवृत्त झाले. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. हा माणूस कधी कुणाला खुर्ची देत नाही, त्या दिवशी दिली. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

"सहायकाची जागा तुम्हालाच द्यायची माझी इच्छा आहे," ते म्हणाले. "काम तुमच्याइतकं कुणाला येत नाही. पण नियम आहे. बारावी पास पाहिजे. एक वर्ष मी जागा रिकामी ठेवू शकतो. जुने गुण आता चालत नाहीत, बाहेरून सगळ्या विषयांना बसा, पास व्हा."

"त्यात काय सर," मी म्हणालो. हे शब्द माझ्या तोंडून कसे बाहेर पडले ते मला आजही कळलेलं नाही. "रोजचंच तर आहे."

घरी आलो तेव्हा बायको मशीनवर होती. ती शाळेचे गणवेश शिवते. घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन, कापडाचे गठ्ठे आणि दोऱ्यांच्या रिळांचा एक डबा. त्या डब्यावरून आमची जितकी भांडणं झाली तितकी दुसऱ्या कशावरून झाली नसतील. ती मला दुकानात तपकिरी दोरा आणायला पाठवायची आणि मी हिरवा आणायचो. "लक्ष कुठे असतं तुमचं?" हे वाक्य लग्नापासून मी इतक्यांदा ऐकलं होतं की ते मला माझ्या नावाचाच भाग वाटायला लागलं होतं.

"मी बारावीला बसतोय," मी सांगितलं.

तिनं पाय थांबवला. मशीन थांबलं. "कुणाच्या?"

"कुणाच्या म्हणजे? माझ्या!"

तिनं हातातल्या कापडाला टाचणी लावली. मग म्हणाली, "पास झालात तर मी तुम्हाला नवा शर्ट शिवीन." आणि मशीन पुन्हा सुरू करून त्या आवाजातच पुढचं वाक्य बोलली, "कापड मात्र मी आणीन."

मी अभ्यासाला लागलो. आधी वेळापत्रक केलं. चार रंगांचे स्केचपेन वापरून, पट्टीनं रेघा मारून इतकं देखणं वेळापत्रक केलं की ते करण्यातच पहिले पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी ते भिंतीवर लावलं आणि थकून झोपलो. वर्गातली मुलंही हेच करतात हे मला नंतर कळलं. फरक एवढाच की ती सतरा वर्षांची असतात आणि मी शेहेचाळिसाव्या वर्षात होतो.

गणित आणि भौतिक रटाळपणे पुढे सरकत होतं. जीवशास्त्र बरं चाललं होतं. रसायनाचा मी अभ्यासच करत नव्हतो. आपलाच तर विषय. आणि भाषेचं पुस्तक मी विकतही घेतलं नव्हतं. मातृभाषेचा कुणी अभ्यास करतं का?

आता ‘भूकंप’बद्दल सांगायला हवं. भूकंप म्हणजे बारावीतली एक मुलगी. उंच, हातापायांची काडी, आणि दोन्ही कोपरं कायम बाहेर. ती जिथून जाईल तिथलं काहीतरी खाली पडायचं. जुलै महिना संपेपर्यंत तिनं अकरा परीक्षानळ्या, दोन चंबू आणि एक थर्मामीटर फोडला होता. वर्गातल्यांनीच तिचं नाव भूकंप ठेवलं आणि तिनं ते आनंदानं मिरवलं. डोक्यानं मात्र ती अशी तल्लख होती की रसायनाच्या बाई फळ्यावर गणित लिहीत असताना ही उत्तर सांगून मोकळी. शेवटी बाईंनी तिला शिक्षा दिली: महिनाभर रोज शाळा सुटल्यावर तासभर थांबून मामांना भांडी धुवायला मदत करायची. शिक्षा तिला होती की मला, हे बाईंनी स्पष्ट केलं नाही.

एका संध्याकाळी ती नळाखाली नळ्या धूत होती आणि मी दुसऱ्या टेबलावर चोरून क्षार ओळखण्याचा सराव करत होतो. चोरून एवढ्यासाठी की मी परीक्षेला बसतोय हे कुणाला सांगितलं नव्हतं. बाटली उचलायची, वहीत नाव लिहायचं, पुढची बाटली. दहा मिनिटांत बारा क्षार झाले.

"मामा, तुम्ही प्रयोग न करताच उत्तर लिहिताय," मागून आवाज आला.

मी दचकलो. हातातली बाटली सुटता सुटता वाचली. माझ्यावर कुणी ‘हळू’ ओरडलं नाही म्हणूनच बहुधा.

"अगं, अनुभव आहे बावीस वर्षांचा."

"मग बाटल्या बदलल्या तर?"

तिनं मला उत्तर द्यायची संधीच दिली नाही. मला पाठमोरं उभं केलं, पाच क्षार पाच कागदांवर काढले आणि बाटल्या कपाटात ठेवल्या. "आता ओळखा."

मी वळलो. टेबलावर पाच कागद आणि पाच ढीग. चार पांढरे, एक कसलातरी. त्या बाटल्यांच्या बुचांवरचे टवके, चिठ्ठ्यांचे दुमडलेले कोपरे, कपाटातली तिसऱ्या फळीची डावी बाजू, यातलं काही म्हणजे काही समोर नव्हतं. बावीस वर्षांत मी क्षार ओळखायला शिकलो नव्हतो. मी बाटल्या ओळखायला शिकलो होतो.

पाचांपैकी शून्य.

भूकंप हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. तिनं हळूच विचारलं, "मामा, तुम्ही बारावीला बसताय का?"

मग सगळं सांगावं लागलं. तीनदा नापास झालो तेही. तिनं हात पुसले, स्टूल ओढलं, त्या भरात एक चंचुपात्र खाली पाडलं (ते प्लॅस्टिकचं होतं) आणि म्हणाली, "ठीक आहे. उद्यापासून शिकवते. शिकवलं की माझीही उजळणी होते. ज्योतीच्या रंगापासून सुरू करू, ते सगळ्यात सोपं."

ते सगळ्यात सोपं दुसऱ्या दिवशी सुरू झालं. तिनं तारेवर एक क्षार घेऊन बर्नरच्या ज्योतीत धरला.

"कुठला रंग?"

"पिवळसर... मातकट," मी म्हणालो.

तिनं दुसरा धरला. "आणि हा?"

"तोच की. परत का दाखवतेस?"

तिनं ज्योत मोठी केली. पहिला पुन्हा धरला. दुसरा पुन्हा धरला. मग दोन तारा दोन्ही हातांत घेऊन दोन बर्नरवर एकदम धरल्या. "मामा, नीट बघा. चेष्टा करू नका. हे दोन रंग सारखे आहेत?"

"थोडा फिका-गडद फरक असेल. पण सारखेच."

"एक विटेसारखा लाल आहे," ती म्हणाली. "आणि एक हिरवागार आहे."

मला वाटलं, हीच माझी चेष्टा करतेय. तिनं मला खिडकीपाशी नेलं, आपल्या दप्तरातली दोन पेनं दाखवली, भिंतीवरच्या तक्त्यातले चौकोन दाखवले. मग पळत जाऊन रसायनाच्या बाईंनाच घेऊन आली. येताना दाराला धडकली. बाईंनीही दोन-चार वस्तू दाखवल्या आणि चष्मा काढून म्हणाल्या, "मामा, तुम्ही डोळे कधी तपासलेत?"

"मला लांबचं चांगलं दिसतं की बाई."

"लांबचं नाही हो. रंग."

शनिवारी मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ठिपक्या-ठिपक्यांची पानं असलेली एक वही समोर धरली. प्रत्येक पानावर म्हणे एक आकडा असतो. मला पहिल्या पानावर दिसला, नंतर नुसते ठिपके. मी अंदाजानं दोन-तीन आकडे ठोकून दिले, जुनी सवय. डॉक्टर हसले. "जन्मापासूनच आहे हे. लाल आणि हिरवा यांत तुमची गल्लत होते. पुष्कळ पुरुषांना असतं. काळजीचं काही नाही. तुम्ही काम काय करता?"

"रसायनाच्या प्रयोगशाळेत असतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "किती वर्षं?"

मी सांगितलं. नंतर आत त्यांच्या सहकाऱ्याला त्यांनी काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण दोघांचं हसू बाहेरपर्यंत ऐकू आलं.

दवाखान्यातून मी लगेच घरी गेलो नाही. समोरच्या बागेतल्या बाकावर बसलो. हसावं की रडावं कळेना. अठरा वर्षांचा मी, परीक्षेच्या हॉलमध्ये नळीकडे डोळे फाडून बघणारा. त्याला कुणी एकदा तरी विचारायचं होतं, तुला काय दिसतंय? पण कुणी विचारलं नाही, आणि मीही कधी सांगितलं नाही, कारण सगळ्यांना असंच दिसत असणार आणि त्यातून फक्त हुशारांना कळत असणार, अशी माझी पक्की समजूत होती. डोक्यात भुसा नव्हता तर. निदान रसायनापुरता नव्हता. गणितातल्या भुशाचं काय करायचं हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिनं मशीन बंद केलं. उठून रिळांचा डबा आणला, एक रीळ माझ्यापुढे धरलं. "हे?"

"तपकिरी."

"हे?"

"तपकिरी."

तिनं डब्याचं झाकण लावलं आणि तो मांडीवर घेतला. "म्हणजे वीस वर्षं मी उगाच भांडले," ती म्हणाली.

"उगाच कसं? बाकीची कारणं खरीच होती की."

"ती होतीच," ती म्हणाली आणि तोंड फिरवून पदरानं डोळे पुसायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहतो तर डब्यातल्या प्रत्येक रिळाच्या डोक्यावर तिनं कागदाचा तुकडा चिकटवून आकडा घातला होता. चौदा म्हणजे तपकिरी. सतरा म्हणजे हिरवा. तेव्हापासून मी दुकानात एकही चूक केलेली नाही. संपत आलेलं रीळ सोबत नेतो आणि दुकानदाराच्या पुढ्यात ठेवतो. ही युक्ती कुणाला आधी सुचू नये, यात मात्र दोष आम्हा दोघांच्याही डोक्याचा.

बाईंनी परीक्षा मंडळाला अर्ज केला, की उमेदवाराला रंग ओळखता येत नाहीत, रंग सांगायला एक माणूस द्यावा. उत्तर आलं: अशी सवलत मिळते, अर्जाची मुदत मात्र मागच्या महिन्यात संपली. आमचं नशीबही आमच्यासारखंच, मागच्या बाकावर बसणारं.

"सोडा तो अर्ज," भूकंप म्हणाली. तिची शिक्षा केव्हाच संपली होती, तरी ती रोज येत होती. "रंगाशिवाय ओळखू. नाक आहे ना तुम्हाला?"

नाक होतं. बावीस वर्षं त्या वासांत काढलेलं, शिकारी कुत्र्यासारखं तयार नाक. तिनं एक वही केली. रंगावर अवलंबून असलेल्या प्रत्येक खुणेला दुसरी खूण शोधली. आम्ल टाकल्यावर फसफसलं तर हे. कुजक्या अंड्याचा वास आला तर ते. साका गरम पाण्यात विरघळून थंड झाल्यावर पुन्हा आला तर अमुक. लाल लिटमस निळा झालेला मला दिसतो; माझं भांडण फक्त लाल-हिरव्याशी. राहिलं टायट्रेशन. त्यात ब्युरेटमधून थेंबथेंब सोडत चंबूतलं पाणी अगदी फिकं गुलाबी झालं की थांबायचं. मला ते फिकं गुलाबी दिसायचंच नाही. दिसायला लागायचं तोवर गाडी दोन स्टेशनं पुढे गेलेली.

"रंग शोधू नका मामा," ती म्हणाली. तिनं पांढऱ्या कागदावर माझ्या चंबूशेजारी साध्या पाण्याचा चंबू ठेवला. "हा आणि तो, यांच्यात फरक पडला की थांबा. कुठला फरक ते मला सांगूच नका."

तोपर्यंत बातमी वर्गभर झाली होती. बारावीची दहा-बारा मुलं संध्याकाळी प्रयोगशाळेतच अभ्यासाला बसायला लागली. आता सल्ले देण्याची पाळी त्यांची होती. "मामा, पहाटे उठा." "मामा, वेळापत्रक केलंत का?" "मामा, घाबरू नका हं." माझेच शब्द, माझ्याच सुरात. बावीस वर्षांचं सगळं मला व्याजासकट परत मिळत होतं. माझ्या हातून एक नळी फुटली तेव्हा सगळा वर्ग एका आवाजात ओरडला, "हळू!"

त्या मुलांना जवळून बघताना मला एक कळलं. मी त्यांना धसमुसळी समजत होतो, पण ती घाबरलेली होती. पुढे कुठे जायचं, कुठे प्रवेश मिळेल, घरच्यांना काय सांगायचं, हेच त्यांच्या डोक्यात. भूकंपच्या वडिलांना तिनं त्यांच्यासारखं हिशेबनीस व्हावं असं वाटत होतं आणि तिला रसायन शिकायचं होतं. "मला प्रयोगशाळेत कोण घेईल, मामा?" तिनं एकदा विचारलं. "माझे हात बघा." मी बराच विचार करून म्हणालो, "मला नाही का घेतलं? माझे डोळे बघ." ती इतकी हसली की स्टुलावरून पडली.

प्रात्यक्षिक परीक्षेला माझा नंबर दुसऱ्या शाळेत आला. आत शिरताच पाचावर धारण बसली. अनोळखी कपाटं, अनोळखी बाटल्या, आणि माझ्या दोन्ही बाजूंना सतरा वर्षांची मुलं. तिथल्या परिचरानं मला पाहून सलाम केला आणि म्हणाला, "सर, बाहेरचे परीक्षक पलीकडच्या खोलीत बसलेत." मी उमेदवार आहे हे सांगितल्यावर त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी लगेच त्याच्याशी मैत्री करायचं ठरवलं.

मला मिळालेला क्षार पांढरा होता. ज्योतीच्या भानगडीत पडलोच नाही. थोडासा चुरा ऑक्झॅलिक आम्ल आणि पाण्याबरोबर चोळला आणि नाकाशी नेला. व्हिनेगर! इतका ओळखीचा वास की गळ्यात पडून रडावंसं वाटलं. मग हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं, पांढरा साका आला. उकळला, विरघळला. नळी थंड पाण्यात धरून उभा राहिलो. हळूहळू तळाशी चकचकीत सुया जमायला लागल्या. लेड अॅसिटेट. वहीत लिहिताना स्पेलिंग दोनदा चुकलं, पण क्षार चुकला नाही. टायट्रेशनमध्ये थोडा पुढे गेलो, पण दोन स्टेशनं नाही, फलाटाच्या टोकापर्यंतच.

मग तोंडी परीक्षा. परीक्षकांनी माझ्याकडे, मग माझ्या फोटोकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि सोपा प्रश्न विचारला, "ब्युरेट भरण्याआधी काय कराल?"

उभ्या आयुष्यात मला कुणी माझ्या मनातला प्रश्न विचारला नव्हता. मी सुरू झालो. आधी पाण्यानं कशी धुवायची, मग त्याच द्रावणानं का खंगाळायची, तोटीला ग्रीस किती लावायचं, बारावीची मुलं तोटी कशी पिळतात, तुटलेल्या टोकाचं काय करता येतं. परीक्षकांनी एकदा हात वर केला, मी पाहिलाच नाही. शेवटी ते म्हणाले, "बास, बास! मला अजून तेवीस जणांना तपासायचंय. तुम्ही परिचर आहात का?"

"हो."

"मग माझ्या शाळेतल्या तोट्या गळतात, त्याचं काय करू?" आणि पाच मिनिटं त्यांनीच मला प्रश्न विचारले, पण ते परीक्षेचे नव्हते.

लेखी परीक्षाही झाली. निकालाच्या दिवशी सगळा वर्ग प्रयोगशाळेत जमला. बाईंनी मोबाइलवर माझा नंबर टाकला आणि वाचायला लागल्या. रसायन, एकसष्ट. पोरांनी बाकं बडवली. भौतिक, शेहेचाळीस. जीवशास्त्र, अठ्ठावन्न. गणित, पस्तीस, पस्तीसच, एक कमी नाही की जास्त नाही. मग बाई थांबल्या.

"मामा," त्या म्हणाल्या, "तुम्ही भाषेत नापास झालात."

आधी कुणाला खरं वाटेना. मला मात्र लगेच वाटलं. भाषेच्या पेपरात पहिलाच प्रश्न होता: ‘शाळेतील एखाद्या गैरसोयीबद्दल मुख्याध्यापकांना अर्ज लिहा.’ सहा गुणांचा. आणि आमच्या प्रयोगशाळेतलं बेसिन चार वर्षं तुंबलेलं होतं. मी लिहायला बसलो. पहिला अर्ज कधी दिला, शिपायानं काय सांगितलं, प्लंबर कसा येऊन नुसता बघून गेला, पाणी कुठून कुठे वाहतं, सगळं. चार पुरवण्या झाल्या. शेवटी ‘आपला नम्र’ लिहिलं आणि वर पाहतो तर वीस मिनिटं उरलेली, आणि चौऱ्याहत्तर गुणांचा पेपर कोरा.

पोरं पोट धरून हसली. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार? जन्मापासून बोलतोय त्या भाषेत नापास, आणि जिथं काही दिसत नाही त्या रसायनात एकसष्ट. संध्याकाळी मुख्याध्यापकांच्या कानावर गेलं. त्यांनी जागा आणखी काही महिने राखून ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. माझ्या आयुष्यातला तो एकमेव अर्ज ज्याचा उपयोग झाला, आणि तो मी त्यांना दिलाही नव्हता.

फेरपरीक्षेला मी भाषेचं पुस्तक विकत घेतलं, वाचलं, आणि पास झालो. बायकोनं शर्ट शिवला. रंग कुठला ते मी विचारलं नाही. लोक चांगला आहे म्हणतात. भूकंपला बाहेरगावी रसायनाच्या पदवीला प्रवेश मिळाला. तिचे वडील महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत आणि मग बॅग उचलून तिला सोडायला स्वतः गेले. ती अधूनमधून फोन करते. पहिलं वाक्य नेहमी एकच: "मामा, आज काहीच फोडलं नाही," आणि ते बहुतेक खोटं असतं.

मी सहायक झालो. खुर्ची मिळाली, टेबल मिळालं. माझ्या जागी परिचर म्हणून एक मावशी आल्या. पहिल्या दिवशी मी खुर्चीवर अर्धा तास बसलो, मग नळाशी जाऊन नळ्या धुवायला लागलो. मावशींनी हातातला ब्रश काढून घेतला. "साहेब, माझी नोकरी घालवू नका. जा, बसा तिकडे." तेव्हापासून बसतो. बसण्याचाही सराव लागतो.

एक गोष्ट मात्र मी माझ्या अधिकारात सुरू केली. दरवर्षी बारावीचा वर्ग आला की पहिल्याच तासाला दोन बर्नर पेटवायचे, दोन ज्योती दाखवायच्या आणि प्रत्येकाला कागदावर रंग लिहायला सांगायचं. पहिली दोन वर्षं कुणीच सापडलं नाही. तिसऱ्या वर्षी एका चिठ्ठीवर लिहिलेलं आढळलं: ‘दोन्ही सारखे.’ मी चिठ्ठीवरचं नाव पाहिलं. चष्मेवाला, शांत मुलगा होता. तास संपल्यावर मी त्याला बाजूला घेतलं, दार लावलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. अठ्ठावीस वर्षं कुणी मला न सांगितलेलं सगळं मी त्याला सांगितलं. तू मठ्ठ नाहीस. तुझ्या डोक्यात काही कमी नाही. कुणी काही म्हटलं तरी मनाला लावून घेऊ नकोस. बोलता बोलता मी त्याचा खांदा घट्ट धरला.

त्यानं चष्मा पुसून पुन्हा घातला.

"हो मामा, मला माहीत आहे," तो म्हणाला. "डॉक्टरांनी मी पाचवीत असतानाच सांगितलंय. अर्जपण दिलाय, वेळेवर." मग माझी काळजी वाटल्यासारखं त्यानं विचारलं, "पण मला मठ्ठ कोण म्हणालं?"